मडमीच्या भिंतीवरचं मीठ

द्राक्षाच्या वेलाचं पान खातात, हे मला लग्नानंतर कळलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी इंदापूर तालुक्यात आले. नवरा साखर कारखान्यात केमिस्ट होता, मला एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली आणि आम्ही कळंबला दोन खोल्या घेतल्या. रविवारी स्कूटरवरून बारामतीला जायचं, थोडीफार खरेदी करायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं, एवढीच काय ती करमणूक. त्या रस्त्यावर लासुर्णं मागं पडलं, की सणसर यायच्या आधी उसाच्या फडांमध्ये एक बैठं घर लागायचं. वर पत्रा, पुढं द्राक्षाच्या वेलाचा मांडव, मांडवाखाली लोखंडी खुर्च्या. पाटी नव्हती. लोक त्याला 'मडमीचं हाटेल' म्हणायचे आणि पत्ता सांगतानाही तेच सांगायचे, मडमीच्या हाटेलापासून आत वळा.

हॉटेल नवरा-बायको दोघंच चालवायची. तो तिथलाच, मेंढपाळांच्या घरातला. वडलांनी आयुष्यभर मेंढरं राखली होती. दरसाल कळप घेऊन घाट उतरायचा, कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. पुढं थोडी बागायती जमीन मिळाली, तिच्यात ऊस आला आणि मेंढरं गेली. हा मुलगा मात्र ऊस बघायला थांबला नाही. मुंबईला गेला आणि एका मालवाहू जहाजाच्या भटारखान्यात लागला. काही वर्षांनी त्या जहाजाच्या मालकाचं दिवाळं निघालं आणि जहाज ग्रीसच्या एका बेटावर अडकून पडलं. खलाशांना कुणी विचारेना. पोटासाठी तो बंदरावरच्या एका खानावळीत भांडी घासायला लागला. खानावळ एका म्हाताऱ्या बाईची होती आणि तिची भाची तिथं स्वयंपाक करायची. ती भाची म्हणजे ही मडम.

मडम म्हणावी इतकी ती गोरी नव्हतीच. उन्हानं रापलेला चेहरा, काळे जाड केस, सुती साडी, पदर कमरेला खोचलेला. लांबून बघितलं तर गावातलीच बाई वाटावी. मराठी ती सासूकडून शिकली होती, त्यामुळं ती बोलायची ते सासूसारखंच. पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा मी जरा जपून, सावकाश शब्द उच्चारत विचारलं, "आज काय आहे?"

ती म्हणाली, "बाई, आज वांगं हाय, मटन हाय, पाल्याची गुंडाली हाय. मासं इचारू नका. मासं आमी करत न्हाय."

मला हसूच आलं. माझ्यापेक्षा तिची भाषा तिथली होती. फक्त 'ळ' तिला जमायचा नाही. आमच्या कळंबला ती शेवटपर्यंत 'कलंब' म्हणायची.

त्यांच्याकडं ठरलेले पदार्थ नव्हते. शेतात जे यायचं त्यावर चालायचं. उन्हाळ्यात द्राक्षबागांची छाटणी झाली आणि नवी फूट आली, की ती कोवळी पानं खुडून आणायची, उकळत्या पाण्यातून काढायची आणि त्यांत तांदूळ, खिमा, पुदिना घालून करंगळीएवढ्या गुंडाळ्या वळायची. वर लिंबाचा रस. थंडीत ओला हरभरा आला की तो वाटून त्यात तीळ आणि लसूण. वांगी चुलीत भाजून दह्यात कालवलेली. ते बघून लोक म्हणायचे, "ह्ये तर आपलं भरीतच की." ती म्हणायची, "व्हय, पर ह्ये शांत भरीत हाय." मिरची जवळजवळ नसायची म्हणून शांत. ऑलिव्हचं तेल बारामतीच्या औषधाच्या दुकानात मिळायचं, बाळाला चोळायचं म्हणून, लहान डब्यांत. ती ते थेंबाथेंबानं वापरायची. बाकी सगळं करडईच्या तेलात. मटणाचं काम नवऱ्याकडं होतं. लिंबू, लसूण आणि रानातली कसली तरी पानं घालून तो ते मंद आचेवर तासन्‌तास ठेवायचा. द्राक्षबागायतदार यायचे, कारखान्यातले साहेब यायचे, बारामतीच्या कॉलेजातले प्राध्यापक घरच्यांना घेऊन यायचे. रविवारी दुपारी बसायला जागा मिळायची नाही.

आमची ओळख वाढली. माझा नवरा रविवारीही पाळीवर असला, की मी एसटीनं तिथं जाऊन बसायची. तिच्याबरोबर पानं निवडायची, लसूण सोलायची. मी तिला वहिनी म्हणायची, तिच्या नवऱ्याला दादा, ती मला बाई. तिची सासू मांडवाखाली भिंतीला टेकून बसलेली असायची. घरी मेंढरं उरली नव्हती, तरी म्हातारी कुठून तरी लोकर आणवून चातीवर सूत कातत राहायची. कुणाशी फारसं बोलायची नाही, पण सुनेवर जीव होता. तिनं नुसतं "आत्याबाई" म्हणायचा अवकाश, म्हातारी उठून उभी.

एकदा पानं निवडता निवडता मी विचारलं, "वहिनी, तुमचं बेट एवढं सुंदर. तुम्ही इकडं उसात कशाला आलात?"

तिनं हातातलं पान उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाली, "ह्यांनी मला लगीन इचारलं, तवा मी एकच गोष्ट इचारली. तुमच्या गावाला समुद्र हाय का. ह्ये म्हनलं, न्हाय. मेंढरं घेऊन चालायला लागलं तर किती दिस लागतात, आन् मधी आख्खा डोंगर आडवा. मी म्हनलं, खारं पाणी? ह्ये म्हनलं, मीठसुदा आमी दुकानातनं आणतो. मग मी व्हय म्हनलं."

मला वाटलं, गंमत करतेय. पण ती हसत नव्हती.

मीठ आलं ते त्याच्या पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी.

मी गेले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीशी उकिडवी बसली होती. भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर एक पांढरी रेघ उमटली होती. सरळ नाही, वरखाली, ओली वाळू सुकताना कड राहते तशी. रेघेच्या खाली गिलाव्याला बारीक पांढरा भुरा फुटला होता. तिनं बोट लावलं, जिभेवर ठेवलं.

"आलं," ती म्हणाली.

मी विज्ञानाची मास्तरीण. मी लगेच समजावलं. आजूबाजूला बारमाही ऊस, पाटाचं पाणी सारखं जमिनीत मुरतंय, खालचं पाणी वर येतं, येताना जमिनीतला खार घेऊन येतं, उन्हानं पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं. मागच्या फडाच्या कडेनं जमीन पांढरी पडलीच होती. त्याला लोक चोपण म्हणतात, अशा जमिनी त्या भागात बऱ्याच झाल्या होत्या. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"तसंच असंल," ती म्हणाली. "पर खालनं का हुईना, आलंच की."

दादानं गिलावा खरवडून सिमेंट मारलं. पंधरवड्यात पांढरा भुरा सिमेंटातून बाहेर आला, आणि रेघ गुडघ्यापर्यंत चढली. त्यानं डांबर लावलं. डांबराच्या वरून रेघ निघाली. भिंत सकाळी ओलसर असायची आणि दुपारपर्यंत पांढरी व्हायची. जवळ उभं राहिलं की एक वास यायचा. आमच्याकडच्या चोपण जमिनीला असला वास नसतो. मी लहानपणी एकदाच अलिबागला गेले होते, तो वास मला आठवला आणि मी भिंतीपासून बाजूला सरले.

मग जेवण खारट व्हायला लागलं. आधी एकदोघांनी हसत सांगितलं, वहिनी, आज हात जड पडला. मग लोक ताटात टाकायला लागले. विहिरीचं पाणी मचूळ झालं असणार म्हणून त्यानं पिण्याच्या पाण्याचा टँकर मागवला. तरी तेच. एका रविवारी माझ्या देखत तिनं वांगं भाजलं, घरच्या दह्यात कालवलं, मीठ घातलंच नाही. मला चमच्यानं चाखायला दिलं. तोंडात समुद्राचं पाणी जावं तसं झालं. मी चूळ भरायला बाहेर पळाले. मांडवाखालची म्हातारी माझ्याकडं बघत होती.

मी त्या भिंतीवरचं थोडं मीठ कागदात बांधून घरी नेलं. नवऱ्यानं ते कारखान्याच्या प्रयोगशाळेत बघितलं. दोन दिवसांनी जेवताना म्हणाला, "मीठ आहे."

"ते मलाही माहीत आहे."

"तसं नाही. आपल्याकडच्या जमिनीत सोडा निघतो. कडवट, साबणासारखा. हे खाण्याचं मीठ आहे. मिठागरातून आणल्यासारखं."

"मग त्याचा अर्थ काय?"

त्यानं खांदे उडवले. "जमिनीत काय काय असतं, कुणाला माहीत. आमटी वाढ."

गिऱ्हाईक तुटत चाललं. शनिवार-रविवारीसुद्धा खुर्च्या मोकळ्या राहायला लागल्या. एका रविवारी दुपारी तर एकही माणूस आलं नाही. दादा बारामतीला गेला होता. आम्ही तिघी मांडवाखाली बसलो होतो आणि तिनं मला आतून परात आणायला सांगितलं.

आतली खोली दुपारच्या उन्हानं लख्ख उजळलेली होती. मागचं दार उघडं. फरशी शहाबादी, काळसर, सकाळीच पुसलेली. त्या फरशीवर पावलं उमटलेली होती. पांढरी. ओल्या पायांनी कुणी चालत यावं, पाणी वाळावं आणि मीठ मागं राहावं, तशी. मागच्या दारातून आत, टेबलांच्या मधून, खिडकीजवळच्या टेबलापर्यंत. परत जाणारी पावलं नव्हती.

मला आधी वाटलं, दादाच विहिरीवरून आला असेल. मग लक्षात आलं, तो सकाळपासून घरी नाही. मी वाकून बघितलं. पावलं पुरुषाची होती, रुंद, अनवाणी. उजवं पाऊल नीट होतं. डाव्या पावलाला चारच बोटं होती. करंगळीच्या जागी काही उमटलं नव्हतं. एका पावलात नाही, प्रत्येक डाव्या पावलात.

खिडकीजवळच्या टेबलाची खुर्ची जरा मागं सरकलेली होती.

परात घेऊन मी बाहेर आले. आवाज साधा ठेवून विचारलं, "वहिनी, दादांच्या डाव्या पायाला कधी काही लागलं होतं का?"

"का?"

"करंगळी नाही का त्यांना?"

तिच्या हातातली सुरी थांबली. म्हातारीची चातीही थांबली. वहिनी उठली, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यातूनच आत बघितलं. आत गेली नाही. बघता बघता दाराच्या चौकटीला धरून ती खाली बसली. मी पाणी आणायला निघाले, तर तिनं माझा हात धरून ठेवला.

त्या दुपारी तिनं सांगितलं ते असं. ह्या नवऱ्याच्या आधी तिचं एक लग्न झालं होतं. तो समुद्रात जाळी टाकायचा. एकदा बोटीवर दोराच्या फासात पाय अडकून त्याची करंगळी तुटली होती. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, तेव्हाच एका वादळात बोट गेली. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, ह्याचं लागलं नाही. त्यांच्याकडं म्हातारी माणसं म्हणतात, ज्याला माती मिळाली नाही तो घर शोधत फिरतो. खारं पाणी जिथवर जातं तिथवर तो येऊ शकतो. त्यापुढं नाही. मावशीच्या खानावळीत ती राहायची, तर सकाळी उंबऱ्याबाहेर ओली पावलं दिसायची. वर्षानुवर्षं. तिला त्याची भीती नव्हती, ती म्हणाली. "पर मला जगायचं हुतं, बाई. त्यो रोज दारात असला तर मी कशी जगू?"

"दादांना माहीत आहे?"

"माहीत हाय. पर त्येचं नाव घरात काढायचं न्हाय, असं ह्यांनी सांगितलंय. पहिल्या दिवसापास्नं."

दादा संध्याकाळी आला. मी एसटीची वाट बघत अजून तिथंच होते. तो आत गेला, फरशी बघितली आणि बादली घेऊन पुसायला लागला. पोटऱ्यांपर्यंत पँट दुमडलेली, पाय अनवाणी. बघू नये म्हणत म्हणत मी त्याच्या पायांकडं बघितलं. दोन्ही पायांना पाची बोटं होती.

पुसून झाल्यावर तो बाहेर आला आणि तिच्यावर ओरडला. "तूच बोलवती त्येला! तूच मनात आणती, म्हणून येतंय ह्ये!" तो माझ्याकडं वळला. "बाई, तुमी शिकलेल्या हाय. सांगा तिला. जमिनीचा खार हाय ह्यो."

"खार जमिनीचाच आहे, दादा," मी म्हणाले. पावलांचं काय, ते माझ्या तोंडून निघेना.

त्यानंतर मी काही रविवार तिकडं फिरकले नाही. शाळा, घर, परीक्षा. पण घरात फरशी पुसली, की वाळेपर्यंत मी तिच्याकडं बघत उभी राहायची. नवरा म्हणायचा, काय हरवलंय?

मे महिन्यात, सुट्टी लागल्यावर, दादाच स्कूटरवरून आमच्याकडं आला. वाळला होता. म्हणाला, "बाई, तुमी जरा चला. ती काय खात न्हाय, बोलत न्हाय. तुमच्याशी बोलंल."

आम्ही गेलो तेव्हा भर दुपार होती. रेघ आता माझ्या खांद्याएवढी झाली होती, आणि आतल्या खोलीच्या चारी भिंती खालून पांढऱ्या. वहिनी मांडवाखाली आडवी पडली होती. मी जवळ बसले, हात हातात घेतला. तिनं नुसतं बघितलं.

बोलली ती म्हातारी. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून एवढं बोलणं ऐकलं नव्हतं. मुलाला म्हणाली, "तुज्या बापानं मेंढरं राखली. वाटंत कुणी मेला तर परक्या गावातबी त्येला मूठभर माती, घासभर अन्न दिल्याबिगर पुढं गेला न्हाय. आन् तू? दारात आलेला मानूस उपाशी ठेवतोस व्हय रं?"

"आई, त्यो मेलेला हाय."

"मग मेलेल्यागत जेवू घाल की!"

मी मध्ये पडले. मला वाटलं, विषय पुढं ढकलावा. म्हणाले, "आजी, पितृपंधरवडा येईलच. तेव्हा रीतीप्रमाणं..."

"त्यो उपाशी दारात हाय, आन् तुमी पंचांग बघताय?" म्हातारी माझ्यावरच कडाडली. मग सुनेकडं वळून, एकदम मऊ आवाजात, "ऊठ पोरी. तुमच्याकडं मेलेल्याला काय करत्यात, ते कर."

वहिनी उठून बसली. तिच्याकडं मेलेल्यासाठी गहू करतात, ती म्हणाली. रात्री गहू भिजत घातला, दुसऱ्या दिवशी मी परत गेले आणि आम्ही तिघींनी मिळून तो केला. भिजवलेला गहू शिजवून फडक्यावर पसरून कोरडा केला. त्यात भाजलेले तीळ, बेदाणे, बदामाचे काप. डाळिंब दादानं बारामतीहून आणून दिलं. आणलं आणि तो बाजूला जाऊन बसला. गहू ताटलीत रचून वर पिठीसाखरेचा पांढरा थर दिला, हातानं दाबून गुळगुळीत केला. मीठ कुठंही नव्हतं, घालायचंही नसतं.

ती ताटली उचलायला गेली, तेव्हा दादा उठला.

"दे हिकडं," तो म्हणाला. "मी वाढतो. माझ्या घरात आलाय तर पाव्हणा माझा हाय."

तिनं त्याच्याकडं बघितलं आणि ताटली दिली. तो आत गेला आणि दार लोटून घेतलं.

बाहेर ऊन इतकं होतं की उसाचं पानही हलत नव्हतं. आम्ही तिघी मांडवाखाली. आतून ताटली टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग त्याचा आवाज, नेहमीसारखा, गिऱ्हाइकाला बोलतो तसा. "बसा पाव्हणं. जेवा." मग खुर्ची ओढल्याचा आवाज. आणि थोड्या वेळानं दुसरी खुर्ची. तो काहीतरी बोलला, तिच्या भाषेत, तुटकतुटक. थांबला. परत बोलला. परत थांबला. थांबणं कधी लांब होतं, कधी लहान. एकट्यानं बोलणारा माणूस असा थांबत नाही, हे मला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. म्हातारीनं माझा हात धरला. तिचा हात लोकरीसारखा कोरडा आणि गरम होता.

दार उघडलं. दादा घामानं भिजला होता. बायकोकडं बघून तो म्हणाला, "मीठ मागतोय."

वहिनी उठली. मला वाटलं, ती डब्याकडं जाईल. ती दाराजवळच्या भिंतीशी गेली, उलथन्यानं भिंत खरवडली, पांढरा भुरा तळहातावर घेतला आणि आत गेली. दादा बाहेरच थांबला, आमच्याकडं पाठ करून, उसाकडं बघत. आता आतून तिचा आवाज येत होता. तिची भाषा मी इतका वेळ कधी ऐकली नव्हती. भरभर, खळाळून, मध्येच चिडल्यासारखी. एकदा ती हसली. लहानसं, तरुण मुलीचं हसणं. त्या हसण्यानं माझ्या अंगावर जो काटा आला तो पावलांनीही आला नव्हता. दादाच्या पाठीकडं मला बघवेना.

मग बराच वेळ काहीच आवाज नव्हता.

ती ताटली घेऊन बाहेर आली. साखरेचा थर एका बाजूनं मोडला होता. डोळे लाल, पण चेहरा धुतल्यासारखा. तिनं आम्हा प्रत्येकाच्या ओंजळीत तो गहू वाढला. "खायाचं असतं सगल्यांनी," ती म्हणाली. मी भीत भीत एक दाणा तोंडात टाकला. गोड होता. नुसता गोड. त्या घरातलं बिनखारट अन्न मी कित्येक महिन्यांनी खात होते.

उरलेला गहू म्हातारीनं मागच्या चोपणात नेऊन पुरला आणि वर दगड ठेवला. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

निघताना मी दादाला एकट्याला गाठून विचारलं, "खरंच होतं का हो कुणी?"

तो स्कूटरला किक मारत होता. थांबला. "बाई, मी वाढलं," तो म्हणाला. "समोर बघितलं न्हाय."

पावलं परत उमटली नाहीत. स्वयंपाकही सुधारला. टँकरच्या पाण्यात केलेलं आता नीट लागायचं. भिंतींचं मीठ मात्र गेलं नाही, ते जमिनीचंच होतं. पावसाळ्यानंतर मागची भिंत पोटाशी फुगून खाली आली. सुदैवानं कुणी आत नव्हतं. मग त्यांनी तिथलं सामान हलवलं आणि वर माळावर, जिथं वडील मेंढरं बसवायचे त्या मुरमाड जागेवर, नवीन खोली बांधली. दगडाच्या भिंती, वर कौलं. तिथं हॉटेल जुन्यापेक्षा जोरात चाललं. वाट वाकडी करून लोक माळावर यायचे.

दशक संपता संपता नवऱ्याला दुसऱ्या जिल्ह्यात नोकरी मिळाली. जायच्या आधी आम्ही निरोपाचं जेवायला माळावर गेलो. वारा इतका होता की टेबलावरचे कागद दगडांनी दाबून ठेवले होते. मधल्या काळात म्हातारी गेली होती. मला तिच्या दिवसांना जाता आलं नव्हतं. वहिनीनं गावातल्या बायकांबरोबर बसून तिच्यासाठी रडून घेतलं होतं, असं दादानं सांगितलं.

जेवण झाल्यावर वहिनी माझ्याशेजारी येऊन बसली. केसांत पांढरं दिसत होतं.

"आता कसं वाटतं इथं?" मी विचारलं.

"बेस हाय. झोप लागती." मग दादा आत आहे ना हे बघून, आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, कुणाला सांगू नका. कवा कवा वाटतं, कुठं गेला असंल त्यो? त्येला माझ्याबिगर कोण हुतं?"

तेवढ्यात सणसरच्या बाजूनं धुळीचा लोट उडवत एक जीप वर आली. त्यातून आठ-दहा बागायतदार उतरले, मोठमोठ्यानं बोलत, भूक लागली म्हणत. वहिनी उठली, पदर कमरेला खोचला आणि "या, बसा, वांगं संपलं, बाकी समदं हाय" म्हणत त्यांच्यासाठी खुर्च्या ओढायला गेली.